रिकामी पाटी

कोपरीच्या बाजारात ती मासे विकते. मी तिला मावशी म्हणतो. नाव कधी विचारलं नाही.

सकाळी कामावर जाताना ती मला झेब्रा क्रॉसिंगवर दिसते. डोक्यावर माशांची पाटी, एक हात पाटीला, दुसरा गाड्यांना दाखवलेला. ती इकडेतिकडे बघत नाही, कारण पाटीखाली मान वळत नाही. बस, रिक्षा, माझी स्कूटर, सगळे गपचूप थांबतात.

एका रविवारी दुपारी ती घरी परतताना दिसली. रिकामी पाटीसुद्धा तिने डोक्यावर ठेवूनच रस्ता ओलांडला आणि पलीकडे पोचल्यावर काखेत घेतली. मी कारण विचारलं.

"पाटीला थांबतान रे. अंगाव पानी सांडंल म्हून. मना कोन थांबतंय?"

"असं काही नाही मावशी, मी थांबतो की."

ती नुसती हसली.

गुरुवारी मासे कोण घेणार, म्हणून तिचा धंदा बंद असतो. त्या गुरुवारी मला उशीर झालेला. क्रॉसिंगवर एक बाई हातात औषधांची पिशवी घेऊन एक पाऊल पुढे टाकायची, पुन्हा मागे घ्यायची. मी हॉर्न वाजवला आणि तिच्या पुढ्यातून निघून गेलो.

शुक्रवारी पाटी दिसताच मी ब्रेक दाबला. ती बरोबर माझ्या स्कूटरसमोर थांबली. मान वळवता येत नव्हती, म्हणून अख्खी माझ्याकडे वळली.

"काल पन मीच होते," ती म्हणाली.