पोटात घाला

“चूक झाली म्हण ना एकदा. म्हटल्यानं काय जीभ झडते?”

अंधेरीच्या कोर्टाच्या व्हरांड्यात, आमच्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलेली बाई हे बोलली आणि पप्पा दचकून माझ्याकडे बघायला लागले. मीही दचकले होते. थोड्याच वेळापूर्वी आत, मॅजिस्ट्रेट मॅडमसमोर, पप्पांनी नेमकं हेच म्हणायला नकार दिला होता. “गुन्हा कबूल आहे?” असं मॅडमनी विचारल्यावर ते ताठ उभे राहून म्हणाले होते, “गुन्हा नाही केला मॅडम. मी रिक्षावाला आहे, चोर नाही.” मॅडमनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. “कबूल नसेल तर केस चालेल, तारखा पडतील. बाहेर बसा, नीट विचार करा. जेवणाच्या सुट्टीनंतर परत घेते.”

पप्पांची रिक्षा तेव्हा जप्त होऊन पोलिसांच्या आवारात धूळ खात पडली होती. कावीळ झाल्यामुळे ते बरेच दिवस अंथरुणावर होते आणि त्यातच त्यांच्या रिक्षाचालकाच्या बॅजची मुदत संपली. जरा उभं राहता यायला लागल्यावर, बॅजचं नंतर बघू, आधी घरात चार पैसे येऊ देत, म्हणून ते तसेच रस्त्यावर गेले आणि पकडले गेले. कोर्टाची समन्स आमच्या जुन्या चाळीच्या पत्त्यावर जात राहिली. ती चाळ केव्हाच पाडली होती आणि आम्ही संक्रमण शिबिरात राहत होतो. हजर न राहिल्यामुळे शेवटी वॉरंट निघालं. आता पूर्ण दंड लागला तर तो भरायला रिक्षाच विकावी लागणार होती, आणि नाही भरला तर कैद. कसंही झालं तरी आमची चूल थंड होणार होती.

वकील करायची ऐपत नव्हती. पप्पांची सगळी भिस्त माझ्या इंग्लिशवर होती. मोठ्या ऑफिसात इंग्लिश बोलणाऱ्याला खुर्ची मिळते, हे त्यांनी रिक्षातून माणसं सोडता सोडता पाहिलं होतं, आणि म्हणून पोटाला चिमटा काढून मला इंग्लिश मीडियममध्ये घातलं होतं. मला कुठल्याच भाषेत चार लोकांसमोर बोलता येत नाही, हे मात्र मी त्यांना कधी कळू दिलं नाही. मी एका कंपनीत ग्राहकांच्या तक्रारींना चॅटवर उत्तरं देते. तिथे तोंड उघडावं लागत नाही, म्हणूनच ती नोकरी धरली. दिवसभर ‘वी आर सॉरी फॉर द इनकन्व्हीनियन्स’ पाठवत असते. ते वाक्य तयारच असतं, बटण दाबलं की जातं. कोर्टासाठीही मी तसाच इंग्लिश मजकूर टाइप करून आणला होता. पहिल्या पुकाऱ्याला तो कागद माझ्या हातात नुसताच राहिला होता.

दर मंगळवारी पप्पा जोगेश्वरीच्या गुंफेतल्या देवीला जातात. लहानपणापासून मीही त्यांच्याबरोबर जाते. पायऱ्या उतरत खाली जायचं, दगडातून पाझरणारं पाणी अंगावर पडू द्यायचं, आणि काळोखात लांब दिसणाऱ्या समईकडे चालत राहायचं. तिथे पप्पा साष्टांग नमस्कार घालतात आणि आजूबाजूला कोण आहे याची पर्वा न करता मोठ्याने म्हणतात, “आई, अपराध पोटात घाल.” लहान असताना मला वाटायचं, ही गुंफा म्हणजेच देवीचं पोट. सगळ्यांचे अपराध आत आणून ठेवतात, म्हणून इथे एवढा काळोख. मी स्वतः मात्र तिथे कधी ओठ हलवले नाहीत. मनातल्या मनात, इंग्लिशमध्ये, एखादं ‘प्लीज’ म्हणून मोकळी व्हायचे. अलीकडे तेही बंद झालं होतं. आधी कावीळ, मग वॉरंट. आत ऐकणारं कोणी असतं तर एवढं झालं असतं का, असं वाटायला लागलं होतं. त्या सकाळीही पप्पांनी घरातल्या तसबिरीपुढे हात जोडले, मी नुसती चपला घालून उभी राहिले.

बाई परत बोलली. समोर भिंतीकडे बघत, स्वतःशीच बोलल्यासारखी. “पोटात घालतात रे माणसं. पण आधी कोणी ताटात वाढायला तर पाहिजे.”

पप्पांनी हळूच विचारलं, “माझ्याशी बोलतायत का गं त्या?”

“माहीत नाही,” मी म्हणाले. मग म्हणाले, “पप्पा, देवीला तर तुम्ही दर मंगळवारी अपराध म्हणता.”

“ती आई आहे. तिच्याशी कसली लाज?”

“पण अर्थ तोच आहे ना.”

पप्पा हातांकडे बघत राहिले. “गुन्हा म्हटलं की मला बेडीच दिसते गं,” ते म्हणाले.

दुपारी पुन्हा पुकारा झाला. “कबूल,” पप्पा म्हणाले. दिवसभर पॅसेंजरशी अखंड गप्पा मारणारा माणूस, त्या एका शब्दानंतर त्यांचा आवाजच बसला. दंडाबाबत काही सांगायचं आहे का, असं मॅडमनी विचारलं तेव्हा त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं.

“तुम्ही कोण?” मॅडमनी मला विचारलं.

मी कागद उघडला. सगळं व्यवस्थित लिहिलेलं होतं, पण त्यात पप्पा कुठेच नव्हते. कोणाच्याही नावाने पाठवता आलं असतं असं ते पत्र होतं. मी कागदाची घडी घातली. पुढे काय बोलायचं ते मला ठाऊक नव्हतं, आणि आश्चर्य म्हणजे त्याची भीतीही वाटली नाही.

“मी यांची मुलगी,” मी म्हणाले. “ते आजारी होते. चूक झाली आहे त्यांची, मॅडम. पोटात घाला.”

मागे कोणीतरी हसलं. टाइप करणाऱ्या क्लार्कचे हात थांबले. “असं कोर्टात कोणी म्हणत नाही,” मॅडम म्हणाल्या, पण त्या रागावल्या नव्हत्या. त्यांनी आजारपणाचे कागद मागवले. नवीन बॅज काढला का, असं विचारलं. पप्पांनी खिशातून तो काढून दाखवला. “हा सकाळीच दाखवायचा ना, काका,” त्या म्हणाल्या आणि कागदांवर लिहायला लागल्या. दंड बराच कमी झाला, भरायला मुदत मिळाली, आणि रिक्षा सोडायचा आदेशही निघाला.

बाहेर आलो तर ती बाई अजून बाकावरच होती. वेसाव्याची कोळीण होती. रस्त्यावर मासळी घेऊन बसल्याबद्दल तिलाही दंड होता. पप्पांनी तिला नमस्कार केला. म्हणाले, “ताई, तुम्ही बोललात म्हणून मला सुचलं.”

“मी? तुमच्याशी कुठं बोलले?” तिने पदर बाजूला केला. कानाशी, पदराखाली, मोबाइल खोचलेला होता. “पोराला सांगत होते माझ्या. बायकोशी भांडून बसलाय मेला.”

“मग म्हणाला का तो, चूक झाली?”

“कुठला म्हणतोय! बापावर गेलाय.”

पप्पा किती दिवसांनी हसले. याला योगायोग म्हणावं की आणखी काही, ते मला ठरवता येत नाही, आणि ठरवावंसंही वाटत नाही. ते वाक्य दुसऱ्या कोणासाठी निघालं होतं आणि आमच्या बाकावर उतरलं, एवढं खरं. मी आयुष्यभर शब्द आधी तयार करून ठेवत आले. त्या दिवशी हात रिकामे झाले आणि तेव्हाच काहीतरी मिळालं. आभार कोणाचे मानायचे ते कळत नाही, म्हणून मी ते मनात जपून ठेवले आहेत.

पुढच्या मंगळवारी आम्ही आमच्याच रिक्षातून गुंफेकडे गेलो. पप्पांनी नेहमीसारखा नमस्कार घातला, नेहमीचं वाक्य म्हटलं, आणि उठून माझ्यासाठी जागा केली. उरलेला दंड भरायचा होता, पप्पांचं अंग अजून भरलं नव्हतं, आणि त्यातलं काय कसं होणार हे मला माहीत नव्हतं. मागे दर्शनाला माणसं उभी होती. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणाले, “आई, पुढचं तू बघ.”