शुक्रवारचं अंडं

तापीकाठच्या त्या गावात मी जिल्हा परिषदेच्या शाळेची मुख्याध्यापिका होते. दर शुक्रवारी खिचडीबरोबर मुलांना उकडलेलं अंडं मिळायचं. ज्यांना नको, त्यांना केळं. त्यावरून कधी कुणी ब्र काढला नव्हता.

मग गावात सत्संग मंडळाचा जोर वाढला. मंडळाचे प्रमुख केळीचे मोठे बागायतदार. त्यांची नातवंडं शहाद्याच्या इंग्रजी शाळेत. तरी एके दिवशी सात-आठ जणांना घेऊन ते माझ्यासमोर येऊन बसले.

"मॅडम, शाळा म्हणजे मंदिर शे. आठे अंडं शिजाले नको."

"ज्यांना नको त्यांना आम्ही देतच नाही," मी म्हणाले.

"वास तर येस ना," म्हणत ते हसले. त्या हसण्याची चीड मला अजून येते.

पुढच्याच महिन्यात शाळा व्यवस्थापन समिती नव्याने निवडायची होती. पालकसभेला मंडळाची माणसं दाराशी हाताची घडी घालून उभी. आत बसलेले बहुतेक पालक त्यांच्याच शेतात राबणारे. प्रमुखांनी सुचवलेले सगळे निवडून आले. लगेच अंडं बंद करायचा विषय निघाला. विरोध कुणाचा, असं मी विचारलं. एकच हात वर आला. तिसरीतल्या मुलीची आई, भिल्ल वस्तीतली.

"मन्ही पोर अंडं खास. तुमले काय तरास शे?"

मी ठराव लिहिला. अंडं सरकारी योजनेतलं, ते बंद करणं समितीच्या हातात नाही, एवढंही म्हणायची माझी हिंमत झाली नाही. पुढच्या शुक्रवारपासून सगळ्यांना केळं, तेही प्रमुखांच्याच बागेतलं.

त्या बाईला गावात काम मिळेना. ती म्हसावदकडे मजुरीला जाऊ लागली. पण शुक्रवारी मुलीच्या डब्यात घरचं अंडं असायचंच. ते कळल्यावर समितीचा नवा अध्यक्ष थेट वर्गात शिरला.

"मॅडम, दप्तरं तपासा."

"एकाही लेकराचं दप्तर उघडणार नाही. तुम्ही बाहेर व्हा." तो गेला.

मी मुलांना बाटवते, असा अर्ज वर गेला. चौकशी झाली आणि माझी बदली धडगावकडे डोंगरात झाली. निघताना ती आई वाटेत भेटली. मी तिची माफी मागितली.

"ठराव तर तुम्हीच लिखा ना, मॅडम," ती म्हणाली आणि मुलीचा हात धरून पुढे गेली.