राखाडी तुकड्यातली माणसं

स्क्रीनवर एक मोठा गोल होता. भाकरीचे तुकडे करावेत तसे त्याचे तुकडे केलेले, प्रत्येकाला वेगळा रंग. मी खुर्ची पुढे ओढली, चष्मा पुसला, तरी माझा तुकडा सापडेना.

"कुठाय माझा?"

"हा बघा, काका." केतकीने पेनाच्या टोकाने दाखवलं. हिरव्या आणि निळ्याच्या मधे एक पिवळी रेघ होती. एका केसाच्या ब्रशने ओढावी तेवढी.

सर्जापूर रोडवर सातव्या मजल्यावर हे ऑफिस. केतकी सांगलीची पोरगी. आलेलं गिऱ्हाईक कुठून आलं, त्याचा माग काढायचं काम तिचं. माझं काम भिंती रंगवायचं. चौथीनंतर शाळा सोडली आणि ब्रश धरला, तो अजून हातात आहे.

कंपनीचं अॅप साधं आहे. घरचा नळ गळतो, पंखा बंद पडतो, फोनवर दाबलं की माणूस दुरुस्तीला येतो. त्यासाठी मी बेंगळूरभर चौदा भिंती रंगवल्या होत्या. प्रत्येक भिंतीवर एक पितळी नळ, नळाच्या तोंडाशी लटकलेला निळा थेंब, शेजारी अॅपचं नाव. खाली काळ्यापांढऱ्या चौकोनांचा क्यूआर कोड. तो मी दोरी मारून, एकेक घर मोजून हाताने काढतो, आणि फोन तो वाचतो. असा दुसरा पेंटर कोणी दाखवावा.

केतकीचे साहेब विनीत सर उभ्याउभ्याच बोलले. "अंकल, वॉल्स बंद करते हैं. अगले महीने से. वहाँ से कोई आ ही नहीं रहा."

चौदा भिंती म्हणजे माझं सगळं काम. दुकानांच्या पाट्या केव्हाच छापून यायला लागल्या होत्या. या भिंती गेल्या की ब्रश धुऊन खुंटीला लावायचे, एवढंच उरलं असतं. पण मी त्या गोलाकडे बघत होतो. त्यातला सगळ्यात मोठा तुकडा राखाडी होता, पावसाळी आभाळासारखा.

"हा कोणाचा?"

"तो कोणाचाच नाही, काका. ऑर्गॅनिक."

ऑर्गॅनिक म्हटलं की मला त्याच बिल्डिंगच्या खालच्या दुकानातली महाग वांगी आठवतात. "म्हणजे काय?"

"म्हणजे आपोआप आलेले."

"आपोआप कोण येतं गं?"

तिने मला समजावून सांगितलं. ते मला जसं कळलं तसं सांगतो. फोनवर जाहिरात दिसते. ती दाबली की दाबणाऱ्याच्या कपाळावर न दिसणारी एक चिठ्ठी चिकटते, की हा अमक्या जाहिरातीतून आला. भिंतीवरचा कोड फोनने वाचला तरी चिठ्ठी चिकटते, माझ्या भिंतीच्या नावाची. त्याने अॅप फोनात घेतलं की केतकी चिठ्ठी वाचते आणि त्याला त्या रंगात टाकते. कपाळ कोरं असेल तर राखाडीत. आणि दोन चिठ्ठ्या असतील तर शेवटची खरी धरायची.

"हे चूक आहे," मी म्हणालो. "भिंतीला चुना एकाने मारला, अक्षर दुसऱ्याने काढलं, शेवटी तिसऱ्याने वार्निश मारलं. मग बोर्ड वार्निशवाल्याचा?"

"नियम तसा आहे, काका."

"मग नियम वार्निशवाल्याने केला असेल."

ती हसली. विनीत सर हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी घरचं लाकडी स्टूल उचललं आणि बसवनगुडीत गेलो. एका जुन्या घराच्या कंपाउंडवर तिथल्या तीनपैकी एक नळ आहे. समोर बस स्टॉप. मी स्टॉपच्या कडेला झाडाखाली बसलो. आयुष्यभर भिंतींकडे तोंड करून उभा राहिलो. भिंतीकडे बघणाऱ्यांकडे बघत असा कधी बसलो नव्हतो.

सकाळचं ऊन झाडातून गळत होतं. सावल्या त्या थेंबावरून सरकायच्या आणि थेंब हलल्यासारखा वाटायचा. बस येई, माणसं घेऊन जाई, नवी माणसं येऊन उभी राहत. वाट बघणाऱ्या माणसाचे डोळे कुठेतरी टेकावे लागतात. तारांवर टेकतात, कावळ्यावर टेकतात, मग हळूच भिंतीवर येतात. तोंडं जरा उघडी, हात पिशवीवर. त्या घटकेला माणूस तिथे नसतोच, घरी गेलेला असतो. मलाही मधे डुलकी लागली. जागा झालो तेव्हा वाटलं, सगळा स्टॉप मिळून एकच झोप घेतोय, आणि त्या झोपेत एक नळ गळतोय.

दोन दिवसांत एकानेही फोन काढून कोड वाचला नाही.

भाजीची पिशवी घेतलेल्या एका बाईला मी कन्नडात विचारलं, "अक्का, तो नळ बघितलात का कधी?"

"बघितलात काय विचारता!" ती म्हणाली. "रोज बघते. त्या मेल्या थेंबाने डोकं खाल्लं माझं. इथे उभी राहिले की घरचा नळ आठवायचा. शेवटी मुलीला म्हटलं, टाक बाई ते फोनात आणि बोलाव कुणाला तरी."

"खालचा तो कोड फोनने वाचला होता का?"

"कुठला? ते काळं काळं? ते मला रांगोळीच वाटली. नाव पाठ होतं की."

सापडलं. नाव पाठ होतं. म्हणजे ही अक्का कोऱ्या कपाळाने आली. आणि मुलीने फोनवर नाव शोधल्यावर वर कंपनीचीच जाहिरात आली असेल, ती दाबली असेल, तर फोनवरच्या जाहिरातींच्या निळ्या रंगात गेली. पिवळ्यात नाही.

मी ऑफिसात जाऊन सांगितलं. केतकीने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काका, मला पटतंय. पण एका अक्कावरून सर मानायचे नाहीत."

"सरी, ठीक आहे. मग पुसून बघू."

"म्हणजे?"

"अक्षराची सावली कामाची आहे की नुसती नटवी, हे कळत नसलं की मी ती पुसतो. पुसल्यावर अक्षर सपाट पडलं तर ती कामाची. भिंती पुसू. राखाडी तुकडा बारीक होतो का बघ."

केतकीने पेन खाली ठेवलं. मग विनीत सरांकडे वळून इंग्रजीत भराभर बोलली. सर म्हणाले, "ठीक है. फर्क नहीं दिखा तो वॉल्स बंद. फिर बहस नहीं, अंकल."

"नहीं करेगा," मी म्हणालो.

नियम केतकीने लावले. एखाद्या भागातल्या भिंती पुसायच्या, बाकीच्या तशाच ठेवायच्या. तीन आठवडे फोनवरच्या जाहिरातींनाही हात लावायचा नाही. नळवाला बोलवायचा म्हणजे पत्ता द्यावाच लागतो, त्यामुळे कुठल्या भागातली माणसं कमी झाली ते तिला दिसणार होतं.

"बसवनगुडीतल्या तीन पुसा. तेवढ्या पुरे," ती म्हणाली.

"शिवाजीनगरची पण पुसणार."

"काका, ती कशाला?"

कारण ती माझी सगळ्यात चांगली भिंत होती. बस स्टँडला लागून, जुन्या गोडाऊनची, लांबच्या लांब. पुरुषभर उंचीची अक्षरं, प्रत्येकाला दुहेरी सावली, आणि थेंबात उलटा दिसणारा सगळा रस्ता. चार पहाटा लागल्या होत्या तिला. तीच जिंकून देणार, याची मला खात्री होती.

बसवनगुडी पुसायला स्वल्प वेळ लागला. शिवाजीनगरला पहाटे गेलो. रस्ता रिकामा, हवेत धुकं. चुन्यात सरस घालून पहिला हात मारला. चुना ओला असतो तेव्हा खालचं सगळं दिसतं. अक्षरं पाण्याखाली बुडाल्यासारखी दिसत होती, थेंब अजून निळा होता. मग वाळत गेलं तसं एकेक जात गेलं. दुसऱ्या हाताला काहीच उरलं नाही. सूर्य वर यायच्या आत शिडी उचलून मी घरी आलो.

ते तीन आठवडे मी काही रंगवलं नाही. स्वप्न मात्र एकच पडायचं. बेंगळूरच्या रस्त्यांवरून माणसं चाललीयत, सगळ्यांची कपाळं कोरी, आणि मी प्रत्येकाला थांबवून विचारतोय, कुठून आलात? ती नुसती हसून मागे हात दाखवतात. मागे पांढरी भिंत असते.

मग केतकीने बोलावलं. या वेळी दोन गोल होते, आधीचा आणि आताचा.

"बसवनगुडी," ती म्हणाली. राखाडी तुकडा उघड उघड बारीक झाला होता. निळासुद्धा थोडा आत गेला होता. बाकीच्या भागांत तसं काही झालं नव्हतं. "काका, तुमचं खरं निघालं. ते आपोआप येत नव्हते."

विनीत सर वाकून बघत होते. "अच्छा," एवढंच म्हणाले. त्यांच्या तोंडून ते बरंच होतं.

"आणि शिवाजीनगर?" मी विचारलं.

केतकीने गोल दाखवले. दोन्ही सारखेच होते. केसाचाही फरक नव्हता.

"तिथे उतरणारी माणसं राहतात दुसरीकडे," मी म्हणालो. "पत्ता दुसरीकडचा पडत असेल."

"असू शकतं, काका," ती म्हणाली. पोरगी चांगली आहे. "पण ते मला मोजता येणार नाही."

मला ते सहन झालं नाही. दुसऱ्या दिवशी स्टूल घेऊन शिवाजीनगरला गेलो. भर दुपारी. पाट्या, हॉर्न, भज्यांचा वास, माणसांचा पूर. रस्ता ओलांडून बसलो आणि माझ्या पांढऱ्या भिंतीकडे मान वर केली.

भिंत दिसेना.

तिच्या अंगाला अंग लावून बस उभी होती. ती हलली की दुसरी येऊन लागे. संध्याकाळपर्यंत बसलो. त्या लांबच्या लांब भिंतीचा हातभर तुकडा मधेच चमकून जाई, तेवढाच. मी ती भिंत चार पहाटा रंगवली आणि एका पहाटे पुसली. रिकाम्या रस्त्यावर, धुक्यात. दिवसा मी तिला कधी बघितलंच नव्हतं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम बघणारा माणूस एकटा मीच होतो.

भिंती बंद झाल्या नाहीत. बसवनगुडीतल्या तीन मी पुन्हा काढल्या, थेंब जरा मोठा करून. विनीत सरांनी आणखी भिंती मागितल्या. छोट्या, जिथे माणसं थांबतात तिथल्या. शिवाजीनगरची पांढरीच राहिली. तसं मीच सांगितलं.

हल्ली नवी भिंत बघायला जाताना मी ब्रश नेत नाही, स्टूल नेतो. आणि पहाटे जात नाही.