गारसाहेबांची फुंकर

गारसाहेबांनी आयुष्यात कुणाला चांगलं म्हटल्याचं मला आठवत नाही. वळसंगला आमच्याकडे आले, की अंगणातूनच सुरुवात व्हायची. रस्ता भिकार, शेड कोंदट, कोंबड्या मंद आणि आम्ही नवराबायको त्यांच्याहून मंद. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात यंत्रांची इलेक्ट्रॉनिक कार्डं दुरुस्त करून ते निवृत्त झाले होते. निरोपाच्या दिवशी तिथल्या लोकांनी सुटकेचा श्वास सोडला असणार.

‘गारसाहेब’ हे नाव मीच पाडलं होतं, अर्थात त्यांच्या माघारी. आमचं अंडी उबवायचं मशीन दुपारी तापलं की भलतेच आकडे दाखवायचं, गार झालं की साळसूद. असला बिघाड शोधायला साहेब पिशवीतून गार फवाऱ्याचा डबा काढत. आधी हेअर ड्रायरनं कार्ड तापवायचं. आकडा बिघडला, की बारीक नळीतून एकेका भागावर इवलीशी फुंकर मारायची. ज्याच्यावर मारल्यावर आकडा ताळ्यावर येईल, तो चोर.

त्या एका फुंकरीआधी सोहळा मात्र लग्नाचा. सगळ्या खिडक्या उघडायच्या, चष्मा, हातमोजे, मेनच्या तारांपासून लांब राहायचं आणि डब्यावर ‘न पेटणारा’ असं लिहिलंय का, ते दर वेळी नव्यानं वाचायचं.

“कालच वाचलं होतं की, साहेब,” माझा नवरा बसवराज एकदा म्हणाला.

“काल जेवला होतास ना? मग आज कशाला जेवलास?”

असल्या माणसाला घरात का घेता, असं सासूबाई विचारायच्या. मी साहेबांच्या चहाचं आधण ठेवायची.

एकदा ऐन उबवणीत मशीन बिघडलं. अंडी गार पडू नयेत म्हणून मी घरातल्या सगळ्या चादरी ट्रेंवर पांघरल्या. साहेब क्षणभर बाहेर गेले, तेवढ्यात बसवराजनं घाईनं डबा उचलला आणि उघड्या हातानं अख्ख्या कार्डावर फवारा मारला. साहेब आत आले आणि त्यांनी आधी मेन बंद केला. कार्डावर दव धरलं होतं.

“सगळ्यांनाच गार केलंस. आता चोर कोण, ते कोंबडीला विचारू?”

मग त्यांचं लक्ष बसवराजच्या बोटांकडे गेलं. ती पांढरीफटक पडली होती. “चोळू नकोस, गाढवा,” म्हणत त्यांनी माझ्याकडून कोमट पाणी मागवलं आणि त्याचा हात त्यात धरून बसले. बोटांत रंग परत येईपर्यंत शिव्या थांबल्या नाहीत आणि हातही सुटला नाही. कार्ड पुरतं वाळेपर्यंत आम्हाला त्याच्याजवळ फिरकू दिलं नाही. संध्याकाळी चोर सापडला, कार्डावरची एक काळी आयसी, म्हणजे चिप. पुढं बरीच पिल्लं निघाली. साहेबांनी ती पाहिली आणि म्हणाले, “इतकी धडपड करून बाहेर पडली, आणि बघतायत कुणाला, तर तुम्हाला.”

गेल्या उन्हाळ्यात ते शेवटचे आले. फुंकर मारायला गेले, तर नळीचं टोक एका जागी राहीना. गारवा शेजारच्याच भागांवर सांडत होता. दोनतीनदा त्यांनी प्रयत्न केला. मी नजर दुसरीकडे वळवली. मग डबा खाली ठेवत ते बसवराजला म्हणाले, “हातमोजे घाल. मी सांगतो तिथं धर.”

“मला न्हाय जमायचं, साहेब.”

“जमणार नाहीच. तरी धर.”

जमलं. जाताना डबा आमच्याकडेच ठेवून ते मला म्हणाले, “नवरा तुझा गाढवच आहे. पण हात कापत नाही त्याचा.” मी रागवायला हवं होतं. मी नुसतीच मान हलवली.

ते गेल्याचा त्यांच्या मुलाचा फोन आला, तेव्हा बसवराज मशीन उघडून बसला होता. मी दारातूनच सांगितलं. त्यानं मेन बंद केला. डबा उन्हातून उचलून सावलीत ठेवला. हातमोजे काढले. मग शेडच्या मागं जाऊन तो रडला.