शेपटी टाकली, सुई ठेवली

बसवनगुडीच्या दवाखान्यात बाकावर एक तरुणी माझ्या शेजारी बसली होती. गळ्यात प्रयोगशाळेचं ओळखपत्र आणि हातात बॉलपेन, ज्याची टिकटिक थांबत नव्हती. आत तिची आई होती आणि रक्ती आव झालेली माझी मुलगी. फोनवरचं माझं मराठी ऐकून ती बोलू लागली.

"माझं काम या आवेच्याच जंतूंवर आहे, काका." तिने पेन माझ्या बाहीला टेकवून दाबलं. "हा जंतू असाच पेशीला चिकटतो आणि सुईतून आपली प्रथिनं आत ढकलतो. फार पूर्वी हे यंत्र पोहायच्या शेपटीचं होतं. बदलत बदलत त्याची सुई झाली."

"काय हलकट जात!"

"त्याच्यावर कशाला रागावता? याने सुई ठेवली, पण शेपटी टाकली. त्याला पोहताही येत नाही. तुमच्या घरापर्यंत त्याला आणलं कोणी?"

मला आमच्या इमारतीची जमिनीखालची पाण्याची टाकी आठवली. तिच्या शेजारची सांडपाण्याची नळी फुटल्याचं मी सेक्रेटरींना कितीदा सांगितलं होतं!

संध्याकाळी थेट त्यांच्या घरी गेलो. त्यांनी नळाच्या पाण्याचा ग्लास उजेडात धरला.

"बघा की, किती स्वच्छ! थोडं सांभाळून घ्या, स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी."

"सरी, अण्णा, ठीक आहे. मग प्या."

त्यांनी ग्लास हळूच खाली ठेवला. मागे त्यांच्या स्वयंपाकघरात विकतच्या पाण्याचे कॅन रांगेने उभे होते.