रोशनने लिहिलेला अहवाल

मुलचेऱ्याच्या बसस्टँडसमोर माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. तालुक्यातल्या बेकार पोरांची सगळी दुःखं माझ्या प्रिंटरमधून जातात. त्यांतला रोशन माझा लाडका, म्हणून त्याचाच राग जास्त येतो.

एकोणतीस वर्षांचा पोरगा, एमएसडब्ल्यू झालेला, तीन मुलाखतींतून हात हलवत परत आलेला. वडील नाहीत. आई गिरजाबाई गावातल्या रोवण्याच्या बायकांची मुखिया. वीसेक बायका तिच्या शब्दावर गावोगावच्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, धान रोवायला जातात. "इंदुताई, यंदा नाई लागली तर तेलंगणात मिरच्या तोडाले जातो," असं रोशन म्हणायचा, आणि तो थट्टा करत नव्हता.

चौथी मुलाखत नागपूरच्या एका रिस्क कन्सल्टिंग कंपनीत होती. मोठ्या कंपन्यांना कुठे धंदा टाकायचा असला, की तिथे आडवं कोण येईल हे आधीच शोधून द्यायचं, हे यांचं काम. ऐकूनच माझ्या कपाळाला आठी पडली. पण पोराचे डोळे चमकत होते, मी गप्प बसले.

मुलाखतीला बारा जण होते. काचेची खोली, हुडहुडी भरेल असा एसी, समोर तिघे. त्यांनी विचारलं, गावात कोणाचं चालतं? बल्लारपूरची उर्वशी त्याच्या आधी आत जाऊन आली होती, तिने सरपंच सांगितलं होतं. रोशन म्हणाला, रोवण्याच्या बायकांचं. तिघांनीही पेनं उचलली. मोठ्या हुद्द्याच्या माणसांनी आपलं बोलणं लिहून घेतलं, हे त्याने मला चारदा तरी सांगितलं असेल.

मग घरून करायचं काम दिलं. पाच गावांच्या यादीतलं एक निवडा, दहा दिवसांत अहवाल द्या. यादीत रोशनचं गाव होतं, त्याला वाटलं नशीब उघडलं. गावाच्या चराईच्या जमिनीवर कोणीतरी खडी-गिट्टीची खाण मागत होतं आणि बायकांचा त्याला विरोध होता, हे सगळ्यांना माहीत होतं. मी विचारलंही, "हे खरंच कोणाच्या हाती गेलं तर?"

"ताई, परीक्षेचा पेपर हाये हा. तपासतेत अन् फेकून देतेत."

त्याने जीव ओतून लिहिलं. सरपंचाला कोणी विचारत नाही. बायका चिखलात ओणव्या होऊन बोलतात, तिथेच ग्रामसभेचा निर्णय ठरतो. आणि एकदा रोवण्याचा शब्द दिला, की घरात ताप असो की पाहुणे, गिरजाबाईच्या बायका तो मोडत नाहीत. हे सगळं मी माझ्या हातांनी टाइप केलं. छान लिहिलंस, असंही मी त्याला म्हणाले.

महिन्याने मेल आला. आपलं काम आवडलं, पण सध्या जागा नाही. उर्वशीचा फोन आला, तिलाही अक्षरशः तोच मेल. बाराही जणांना तोच. जागा मुळात होती की नाही, देव जाणे. बारा अहवाल मात्र फुकटात मिळाले. मी तोंडाला येतील त्या शिव्या घातल्या.

जुलैत एक अनोळखी माणूस गाडी घेऊन गिरजाबाईकडे आला. चाळीस किलोमीटरवर दोन दिवसांचं रोवणं होतं, न्यायला-आणायला गाडी. तिने हो म्हटलं. तीन दिवसांनी खाणीच्या विशेष ग्रामसभेची नोटीस लागली, नेमकी त्याच दोन दिवसांतली. बायका कुरकुरल्या. "शब्द देला हाये," गिरजाबाई म्हणाली. रोशनला तेव्हाच सगळं उमगलं होतं. पण तो भ्याड "माय, नको जाऊ" एवढंच म्हणाला. का, ते सांगितलं नाही. बायका गेल्या आणि मागे ठराव मंजूर झाला.

आठवड्याने मायलेक माझ्या दुकानात आले. कलेक्टरकडे हरकतीचा अर्ज करायचा होता. गिरजाबाई सांगत होती, रोशन टाइप करत होता.

"लिव्ह, आमाले मुद्दाम बाहेर नेलं. आमी शब्द मोडत नाई, हे बाहेरच्याले काय ठाव? गावातल्याच कोनंतरी सांगतलं."

रोशनची बोटं थांबली. माझीही मान खाली गेली.

"माय, मीच सांगतलं. नोकरीच्या परीक्षेत लिवलं होतं."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. आता कानाखाली बसते, असं मला वाटलं. बसली असती तर बरं झालं असतं.

"मंग लागली का नोकरी?" तिने विचारलं. विचारताना तिच्या आवाजात खरीच आशा होती.

"नाई."

ती मटकन स्टुलावर बसली. "म्हंजे फुकटच गेली रे जमीन," म्हणाली, आणि फॉर्म भरायला आलेल्या पोरांसमोर पदर तोंडाला लावून रडू लागली. रोशन तिच्याजवळ जायला धजला नाही. उरलेला अर्ज मी पुरा केला.