गाऱ्हाण्यातली पालवी

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते, पण खरं सांगायचं तर हसण्यासाठी. मी तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. पुरावा जोडल्याशिवाय मी कुणाचा साधा रहिवासाचा दाखला पुढे सरकवला नाही, तिथे भुताखेतांना कुठून मान्यता देणार? देवळात जाते, हात जोडते, घरी येते. देवाने माझ्या कामात पडू नये आणि मी त्याच्या, असा आमचा सलोखा होता.

तरी लिहायला बसलेय. यात स्मशान नाही, अमावास्या नाही, पांढरी साडी तर नाहीच नाही. जे घडलं ते भर दुपारी, माणसांनी भरलेल्या देवळात, आणि वर त्याचं चित्रीकरण आहे...

आम्ही रत्नागिरीत माळनाक्याजवळ राहतो. आंब्याची बाग आरे-वारेच्या वाटेवर, सासरच्या गावात. गावाचं नाव देत नाही, लोक फोन करून हैराण करतात. बाग आमचे हे बघतात, गावात ह्यांना भाई म्हणतात. आमची मुलगी रेवती बंगळुरूला, मोबाईल फोन बनवणाऱ्या कंपनीत. फोन दिसायला कसा असावा, हाताला कसा लागावा, त्याचा रंग कोणता, हे ठरवणाऱ्या लोकांत ती आहे. पहिल्यांदा तिने हे सांगितलं तेव्हा ह्यांनी विचारलं होतं, "म्हणजे रंगारी?"

"हो बाबा, रंगारीच," ती म्हणाली आणि हसत सुटली.

गेल्या वर्षी त्या कंपनीचा मोठा फोन येणार होता. त्याचा काय तो गाजावाजा! फोन बाजारात यायला कितीतरी महिने होते, पण लोकांना धीर कुठला. कोणी म्हणे तो पोळीसारखा दुमडणार, कोणी म्हणे नुसत्या उन्हावर चार्ज होणार. भाट्याच्या किनाऱ्यावर मी संध्याकाळी फिरायला जाते, तिथे गुडघे धरून चालणाऱ्या बायकासुद्धा विचारायच्या, "तुमच्या रेवतीच्या फोनला म्हणे बटणच नाही?" मला काही माहीत असेल तर सांगणार ना... रेवतीने कंपनीला लिहून दिलेलं होतं. फोनबद्दल एक शब्द बाहेर गेला तर नोकरी गेली, आणि त्या धंद्यात पुन्हा कोणी उभं करणार नाही. तिने आईबापालाही काही सांगितलं नाही. मला याचा राग नव्हता, उलट अभिमान होता. माझ्याच पोटची ती. कचेरीत माझ्याकडूनही कधी कोणाला फाईलमधलं कळलं नाही.

पण आमचे हे! ह्यांना गप्प बसवतंय कोण. रामआळीत नंदूचं मोबाईलचं दुकान आहे. तिथे स्टुलावर बसून हे सगळ्यांना सांगायचे, "मला सगळं ठाऊक आहे हो, पण सांगायची बंदी आहे." ठाऊक कप्पाळ! झाकली मूठ सव्वा लाखाची. मी म्हटलंसुद्धा, "अहो, उचलली जीभ लावली टाळ्याला असं करू नका, पोरीच्या अंगाशी येईल." तर म्हणाले, "बापाने एवढीही ऐट करायची नाही का?" ऐट मलाही होती, मी ती घरात ठेवत होते एवढंच.

गणपतीला रेवती आली तेव्हा मात्र तिचं काहीतरी बिनसलेलं होतं. मोदकही धड खाल्ले नाहीत. एकटीच बागेत जाऊन बसायची. मी विचारलं, तर म्हणाली, "काही नाही गं आई, कामाचं आहे." मी पुढे विचारलं नाही.

आता दसऱ्याचं सांगते. आमच्या गावात दसऱ्याला देवळात गाऱ्हाणं घालतात. कोकणाबाहेरच्यांसाठी सांगायचं तर, गावकर देवासमोर उभा राहून सगळ्या गावाच्या वतीने मोठ्याने मागणं मागतो आणि प्रत्येक वाक्याला जमलेली माणसं "व्हय म्हाराजा" म्हणतात. आमचे गावकर तात्या एसटीत कंडक्टर होते. जन्मभर घाटात ओरडून कमावलेला आवाज, आणि त्या आवाजाचा त्यांना भारी गर्व. ह्यांनी तात्यांना सांगून ठेवलं होतं, रेवतीच्या फोनसाठी दोन शब्द घाला. मला हे आवडलं नव्हतं. फोनसाठी कसलं आलंय गाऱ्हाणं? मी बायकांच्या घोळक्यात हाताची घडी घालून उभी होते. "व्हय म्हाराजा" मी कधीच म्हणत नसे. नंदू मूळचा आमच्याच गावचा, तो पुढे मोबाईल धरून चित्रीकरण करत होता. त्याचं स्वतःचं चॅनल आहे.

तात्यांनी नेहमीचं सगळं मागितलं. गुराढोरांना सुख, चाकरमान्यांना बरकत. मग म्हणाले, "ही जी भाईंची पोर परमुलखात जाऊन फोन बनवतेय, तिच्या हाताला यश दे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"कुणी तिचं काम मागं सारलान असंल, तर ते म्होरं आण रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

इथवर ठीक होतं. गाऱ्हाण्यात असं बोलतातच. मग तात्या थांबले. डोळे मिटलेले होते. आणि एकदम हळू आवाजात... तात्या आणि हळू आवाज, हेच आधी सगळ्यांना विचित्र वाटलं... ते म्हणाले,

"जी पालवी बघून तिच्या बापाच्या कपाळाला आठ्या पडतात, ती तांबूस पालवी, शिरांसकट, दुनियेच्या हातात जाऊंदे रे म्हाराजा."

या वेळी नेहमीसारखं "व्हय म्हाराजा" उठलं नाही.

का, तेही सांगते. हापूसच्या कलमांना थंडी पडली की मोहोर यायला हवा. त्याऐवजी कोवळी पालवी फुटली, तर त्या फांदीवर त्या वर्षी आंबा नाही. दिसायला ती फार सुंदर असते, तांब्याला गुलाबी झाक दिल्यासारखी, पण बागायतदार ती बघून कपाळाला हात लावतो. दसऱ्याच्या दिवशी, हंगाम तोंडावर असताना, देवासमोर पालवी मागायची? सगळं देऊळ बागायतदारांनी भरलेलं. त्याला "व्हय" कोण म्हणणार?

एकच आवाज आला. आमच्या ह्यांचा.

"व्हय म्हाराजा."

आणि गावात सगळ्यांत जास्त कलमं ह्यांचीच.

त्यानंतर तात्यांनी डोळे उघडले, नेहमीच्या आवाजात गाऱ्हाणं पुरं केलं आणि सगळे सोनं वाटायला बाहेर पडले. बाहेर लोक त्यांच्यावर तुटून पडले, तर त्यांना पत्ताच नाही. मला म्हणाले, "वैनी, आईशप्पत, मी देवासमोर पालवीचं नाव काढीन होय? माजी सोताची कलमं हायत." नंदूने चित्रीकरण दाखवलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. त्या दिवशी तात्या जेवले नाहीत असं त्यांच्या बायकोने सांगितलं.

नंदू कसला गप्प बसतोय! त्याने तेवढा तुकडा टाकला चॅनलवर, वर लिहिलं, 'नव्या फोनची बातमी थेट देवाकडून'. लोक खो खो हसले. फोनच्या अफवा चघळणाऱ्या मोठ्या मोठ्या मंडळींनीसुद्धा तो दाखवला आणि टिंगल केली. फोन हिरवा येणार, पिस्त्याच्या रंगाचा, अशी त्यांची पक्की खबर होती. पानाच्या शिरा असलेला तांबूस फोन कोणी बनवतं का? रेवतीला मी त्यातलं काही बोलले नाही. तिनेही विषय काढला नाही. मला वाटलं, तिच्यापर्यंत पोचलंच नसेल.

जानेवारीच्या शेवटी तो नवा फोन जाहीर झाला. आम्ही दोघं टीव्हीला लॅपटॉप जोडून बसलो होतो. मंचावरच्या माणसाने कापड बाजूला केलं आणि ह्यांच्या हातातला चहा लेंग्यावर सांडला.

तांबूस. गुलाबी झाक असलेला. आणि पाठीवर बारीक शिरा, बोटाला लागतील अशा, तो माणूस बोट फिरवून दाखवत होता. हिरवा फोन कुठेच नव्हता.

हे उभे राहून म्हणाले, "ही आमची पालवी." मला रडू आलं. मी अशी रडणारी बाई नाही, पण आलं.

हा आनंद दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंतच टिकला. नंदूचा तो जुना तुकडा पुन्हा फिरायला लागला, या खेपेला टिंगल म्हणून नाही. 'रत्नागिरीच्या देवळात महिनोन्‌महिने आधी फोनचं गुपित फुटलं', 'डिझायनरच्या गावातूनच'... रेवतीचं नाव, आमचं गाव, सगळं लोकांनी शोधून काढलं. आणि रामआळीत स्टुलावर बसून "मला सगळं ठाऊक आहे" म्हणणारे आमचे हे, तेही कोणीतरी कंपनीला कळवलंच.

रेवतीचा फोन आला. आवाज अगदी कोरडा. "आई, मला चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलंय. माझे साहेब तुमच्याशी बोलणार आहेत. तुम्ही जे आहे तेच सांगा."

"रेवा, तू बाबांना काही सांगितलं होतंस का?"

"आई, तुलासुद्धा असं वाटतं?"

तो प्रश्न माझ्या अजून कानात आहे. मी म्हटलं, "नाही बाळा. मला वाटत नाही." आणि खरंच वाटत नव्हतं. पण मग तात्यांना कळलं कुठून? ह्यांना मी देवासमोर उभं करून विचारलं. हे पोरासारखे रडकुंडीला आले. "मला काही माहीत नव्हतं गं, मी नुसती ऐट करत होतो." पोरीचं आयुष्य उभं राहायच्या वेळी आपल्या तोंडामुळे बुडतंय, या विचाराने त्यांनी दोन घासही खाल्ले नाहीत. मला ओरडायचं होतं, ते राहूनच गेलं.

साहेब व्हिडिओवर आले. माझं हिंदी कचेरीतलं. मी सांगितलं, "साहब, हमारे यहाँ देव को सामने खड़ा रहके बोलते हैं, बाकी लोग हाँ बोलते हैं." ते ऐकत राहिले. मी म्हटलं, माझी मुलगी खोटं बोलत असेल तर तुम्ही तिला काढायच्या आधी मी तिला घरात घेणार नाही. पण ती बोलत नाही. तिने मला साधा फोनचा रंगही सांगितला नाही, आणि मी तिची आई आहे.

साहेबांनी एकच विचारलं, "हे चित्रीकरण नक्की दसऱ्याचं आहे?"

दसऱ्याचंच होतं. नंदूने त्याच दिवशी टाकलेलं, सगळ्या जगाने तेव्हाच पाहून हसलेलं.

साहेबांनी तिथल्या तिथे तारीख पडताळून पाहिली. मग त्यांनी रेवतीलाही त्याच कॉलवर घेतलं आणि जे सांगितलं ते मी तुम्हाला जसंच्या तसं सांगते. हा रंग आणि या शिरा रेवतीच्याच डोक्यातल्या. पण गणपतीच्या आधी खुद्द साहेबांनीच ते काम नापास करून बाजूला टाकलं होतं. पिस्त्याचा हिरवाच पक्का झाला होता. दसऱ्याला कंपनीत हा तांबूस रंग कोणाच्या ध्यानीमनीही नव्हता. दिवाळीनंतर हिरव्याचा थर सोलून निघायला लागला, तेव्हा घाईघाईत रेवतीचं टाकून दिलेलं काम बाहेर काढलं. "जिला फोडायचं असतं तिने हिरवा फोडला असता," साहेब म्हणाले. "हा फोन येणार हे त्या दिवशी मलाच माहीत नव्हतं, तर ती कोणाला काय सांगणार?"

रेवती दुसऱ्याच दिवशी कामावर हजर झाली. आणि साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं की हा रंग हिचा. मला हे लिहिताना आताही छाती भरून येते, लपवत नाही.

मी मात्र कारण शोधत बसले, सवयच ती. बोलाफुलाला गाठ पडली म्हणावं, तर रंगासकट, शिरांसकट? गणपतीत रेवती बागेत बसलेली तात्यांनी पाहिली असेल म्हणावं, तर त्या दिवसांत पालवी नसते, आणि ती कोणाशी बोललीच नव्हती. तिचे ते कागद, ती चित्रं बंगळुरूच्या बाहेर कधी आलीच नाहीत. तात्यांना विचारलं की ते फक्त कान पकडतात.

फेब्रुवारीत ती तो फोन घेऊन घरी आली. आम्ही तिघं बागेत गेलो. त्या वर्षी बागेच्या दक्षिणेकडच्या कलमांना मोहोर आलाच नव्हता. गावात इतर कोणाच्या बागेला काही नाही, फक्त आमच्या. आणि नेमकी तेव्हा तिकडे पालवी फुटली होती, सगळी बाजू तांबूस. ह्यांनी फोन हातात घेतला, पाठीवरून बोट फिरवलं आणि एका फांदीवर पालवीत टेकवून ठेवला. क्षणभर मला तो दिसेचना.

रेवती म्हणाली, "बाबा, लहानपणी मला हीच पानं आवडायची आणि तुम्ही ओरडायचात. म्हणून हा रंग घेतला." मग तिने विचारलं, "सगळे गप्प होते तेव्हा तुम्हीच कसे व्हय म्हणालात? कलमांचं काय होईल ते कळत नव्हतं का?"

"कळत होतं की," हे म्हणाले. "पण तात्या तुझ्यासाठी मागत होता ना. मग मी नाही कसं म्हणणार?"

कपाळावर आठी नव्हती. दहा वेळा बघून खात्री केली मी.

तर हे असं. कारण मला सापडलेलं नाही, आणि वाचणाऱ्यांपैकी कोणी सांगणार असेल तर पुराव्यासकट सांगावं. या दसऱ्याला पुन्हा देवळात गेलो. तात्यांनी गाऱ्हाणं घातलं, सगळं नेहमीचं, पहिल्यापासून शेवटपर्यंत घाटातल्या आवाजात. रेवतीचं नाव आलं तेव्हा माझ्या तोंडून "व्हय म्हाराजा" इतक्या मोठ्याने निघालं, की पुरुषांच्या रांगेतून हे मागे वळून बघायला लागले.